आमची वाटचाल : चोर्ला उतरून सांखळीपर्यंत

बेळगावात टिळकवाडीत आमचं फिजिओथेरपी क्लिनिक होतं. दोन खोल्या, मणका ताणायचं म्हणजे ट्रॅक्शनचं एक टेबल, दुखण्यावर सौम्य वीजप्रवाह देणारं आयएफटी आणि अल्ट्रासाउंड ही यंत्रं आणि खांद्याच्या व्यायामासाठी भिंतीला ठोकलेली शिडी. पेशंट मी बघायची. हिशेब, फायली, यंत्रांची दुरुस्ती सगळं ह्यांच्याकडे. जागामालकांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं आणि आम्हाला हलणं भाग पडलं. त्याच भागात नव्या जागांची भाडी ऐकली आणि एका संध्याकाळी पेशंटांची वही उघडून बसलो. पेशंट येतात कुठून, हे एकदा नीट बघू म्हटलं.

वहीत वाळपई, केरी, होंडा, सांखळी ही नावं पानोपानी होती. गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतली माणसं घाट चढून बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलांत ऑपरेशनला येतात आणि पुढच्या व्यायामासाठी आमच्याकडे पाठवली जातात, हे माहीत होतं. इतकी असतील असं वाटलं नव्हतं. ऑपरेशन एकदा होतं, फिजिओथेरपी रोज लागते. गुडघ्याचा सांधा बदलला की पहिल्या दीड-दोन महिन्यांत तो वाकवून घ्यावा लागतो, नंतर तेवढ्यासाठी दुप्पट कष्ट पडतात. पावसाळ्यात वाटेवरच्या चोर्ला घाटात दरड आली की हीच माणसं गायब व्हायची आणि पंधरवड्याने गुडघा आखडवून परत यायची. त्यांचा दोष नव्हता. तेव्हा त्यांनी घाट चढण्यापेक्षा आपणच उतरावं, असं ठरलं.

गोव्यात जायचं म्हटल्यावर प्रत्येक नातेवाईक पणजी नाहीतर म्हापसा सुचवायला लागला. 2022 च्या पावसानंतर आम्ही फिरायला सुरुवात केली. रविवारी बेळगाव सोडायचं आणि सोमवारचा दिवस तिकडे काढायचा, असा शिरस्ता ठेवला. रविवारी गाव बघून काही कळत नाही. बाजार बंद, दवाखाने बंद, बसगाड्या कमी.

पणजी आणि पर्वरी लवकर निकालात निघाली. पर्वरीत हमरस्त्याला लागून इतक्या पाट्या दिसल्या की गाडीतून उतरायचीही गरज वाटली नाही. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी मुद्दाम गेलो. अख्खा बार्देश आणि अर्धं पेडणे तिथे लोटतं, जिल्हा इस्पितळही तिथलंच. पण बाजाराच्या दिवशी रिक्षासुद्धा दारापर्यंत येईना. वॉकर घेतलेला पेशंट तिथून आत कसा येणार? समुद्रकाठच्या गावांचा विचार एका ओळखीच्या डॉक्टरांनी सुचवला होता. तिथे ऑक्टोबर ते मार्च परदेशी पाहुणे मसाजची आणि फिजिओची चौकशी करतात, पैसेही बरे देतात. मला तो धंदा जमला नसता. माझा पेशंट महिनोन्महिने येणारा, सुट्टी संपली म्हणून विमानात बसणारा नव्हे.

पेडण्याकडे मात्र ह्यांचा फार ओढा. मोपाचा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, दोन्हींचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरायला लागली. तालुका वाढणार हे दिसतच होतं. पण जागामालक भाडं सांगत होते ते दहा वर्षांनंतरच्या पेडण्याचं, आणि आमचा पेशंट आजच्या पेडण्यातला. इब्रामपूर, हळीकडचा माणूस औषधपाण्याला अजून म्हापशाचीच बस धरतो. ह्यांचं म्हणणं थोडं थांबू, चित्र बदलेल. थांबण्याइतकी गंगाजळी आमच्याकडे नव्हती.

फोंड्यावर माझा जीव जडला होता, खरं सांगते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी सगळं हाकेच्या अंतरावर, गावात नाटकांचं वेड, कानावर मराठी. कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींतले कंबरदुखीचे, खांदेदुखीचे कामगार तिथे भरपूर. पण चांगले फिजिओथेरपिस्टही तिथे आहेत. त्यातल्या एका बाईंना मी रीतसर फोन करून भेटले. त्यांनी चहा पाजला, महिन्याचा राबता मोकळेपणाने सांगितला आणि म्हणाल्या, "फोंड्यात आलात तर माझे पेशंट अर्धे होतील आणि तुमचेही अर्धेच राहतील. माझ्याकडे सांखळी-वाळपईचे लोक येतात ना, ते थकून जातात हो प्रवासात." अशी माणसं धंद्यात कमी भेटतात.

वहीने जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. पुढचे सोमवार आम्ही सांखळीत काढले. सोमवार हा सांखळीच्या आठवडा बाजाराचा दिवस, त्यामुळे सगळा परिसर तिथे आयता दिसतो. मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव घेऊन बसायची आणि उतरणाऱ्यांच्या पायांकडे बघायची. गुडघा झिजलेला माणूस बसची पायरी सरळ उतरत नाही. आधी दांडा दोन्ही हातांनी धरतो, मग अंग आडवं करतो, दुखरा पाय आधी खाली सोडतो आणि मागचा पाय त्याच्या शेजारी आणून ठेवतो. दोन पायऱ्यांना कंडक्टरच्या दोन शिट्ट्या होतात. काही बायका तर पाठमोऱ्याच उतरतात, शिडी उतरावी तशा. एका आजींना हात दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "चडपाक जाता गे बाय, देंवपाक जायना." म्हणजे चढता येतं, उतरता येत नाही. आमच्या पुस्तकांत हेच लक्षण पानभर लिहिलेलं असतं. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो आणि मांडीचा स्नायू लुळा पडला असेल तर तो भार झेलायला कोणी राहत नाही.

2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात 8.6 टक्के होतं, गोव्यात 11.2. केरळनंतर गोवाच. हा आकडा आधी वाचला होता, त्या हॉटेलात बसून तो डोळ्यांनी बघितला. मुलं वेर्ण्याला, पणजीला नाहीतर परदेशात, घरी दोन म्हातारी माणसं आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. त्या बागेतली उतरण, मार्च ते मेपर्यंत वाकून काजू वेचणं, याने गुडघे आणि कंबर दोन्ही जातात.

दुसरा मोठा वर्ग ट्रकवाल्यांचा. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा हा खाणपट्टा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. वर्षानुवर्षं टिपर चालवलेल्या माणसांच्या कंबरेच्या चकत्या तोपर्यंत घासल्या होत्या. दिवसभर बसून हादरे खाणं हे मणक्याला ओझं उचलण्याइतकंच वाईट. खाण चालू असताना दुखणं अंगावर काढलं, कारण खेप बुडली की हप्ता बुडायचा. बंद पडल्यावर पैसे नव्हते. तिथल्या एका जुन्या फॅमिली डॉक्टरांनी हे समजावलं आणि वर बजावलं की बेळगावसारखं वीस दिवसांचे पैसे एकदम भरायला सांगू नका, इथे रोजचे रोज घ्या. तो सल्ला तसाच पाळला.

सांखळी पक्की होण्याचं खरं कारण रस्ते. इथून एक रस्ता वाळपईला, एक केरीवरून चोर्ल्याला, एक डिचोलीला आणि एक उसगाववरून फोंड्याला जातो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपीचा चांगला विभाग आहे. पण सत्तरीतल्या ठाणे किंवा मोर्ले गावच्या माणसाने आधी सांखळी, मग पणजी, मग बांबोळी असं रोज करायचं म्हणजे अर्ध्या तासाच्या व्यायामाला अख्खा दिवस. सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. म्हणून आम्ही गावोगावच्या बसच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. सकाळची कोणती, दुपारची कोणती, शेवटची किती वाजता. स्टँडवरच्या पायलटांना, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांनाही विचारलं. मोटारसायकलच्या मागे नव्या गुडघ्याचा माणूस ते बसवत नाहीत, शहाणे आहेत.

गाव ठरलं तरी जागा मिळता मिळेना. माझी अट तळमजल्याची. सांखळी वसली वाळवंटी नदीच्या काठी आणि पूर्वी बाजारात पाणी शिरायचं. आता संरक्षक भिंत आहे, पाणी उपसायचे पंप आहेत, तरीही बाजारातला तळमजला म्हटलं की जाणते लोक मान हलवायचे. वरचा मजला कोरडा, पण बिनलिफ्टचा. एका दुकानदारांनी भिंतीवरची जुनी ओल बोटाने दाखवली, माझ्या कंबरेइतकी. ट्रॅक्शनच्या टेबलाची मोटर त्याहून खाली असते. तेव्हा 2023 चा पावसाळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय करार करायचा नाही, असं ठरवून टाकलं. बेळगावच्या मालकांनी तेवढी मुदत दिली, त्यांचे उपकार.

दरम्यान एक जुनं घर फार आवडलं होतं. उंचावर, ऐसपैस ओसरी, समोर गाडी वळेल एवढं अंगण. मालक द्यायला उत्सुक, भाडंही रास्त. ह्यांनी कागद मागितले. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव निघालं. वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी इथे कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, करून होते, ती झालेली नव्हती. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात नवरा-बायको दोघांचाही मालमत्तेत हक्क असतो, म्हणजे चार भावंडं आणि त्यांचे जोडीदार धरून आठ सह्या. त्यातल्या दोन लिस्बनमध्ये. आमच्या वकिलांनी हात जोडले. जिभेवर आलेला घास गेला, पण क्लिनिकच्या मध्यावर कुणा चुलत भावाची नोटीस येण्यापेक्षा बरं.

शेवटी मिळाली ती जागा दिसायला अगदी साधी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, रस्ता थोडा चढणीचा असल्यामुळे कोरडी, एकाच मालकाच्या नावावर आणि तळमजल्याची. दाराशी दोन पायऱ्या होत्या, तिथे मालकांच्या परवानगीने उतार करून कठडा लावून घेतला. नगरपालिकेचा परवाना, माझ्या व्यवसायाच्या कौन्सिलची आणि क्लिनिकची नोंदणी ह्यांनी बेळगावात असतानाच मार्गी लावली होती. त्या कथेत रांगा आणि झेरॉक्स याशिवाय काही नाही. बेळगावचे पेशंट माझ्याच एका माजी विद्यार्थिनीकडे सोपवले, फायलींसकट. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन लोक आपापल्या कामाला लागल्यावर, 2023 च्या शेवटी सांखळीचं दार उघडलं. चवथीआधी उघडूच नका, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.

वेळापत्रक बेळगावचं ठेवलं नाही. इथे एक वाजला की दुकानं बंद, माणसं जेवून आडवी होतात. आम्ही सकाळी आठ ते साडेबारा आणि दुपारी साडेतीन ते सात असे बसतो. साडेपाचनंतर फक्त स्वतःच्या गाडीने येणारे आणि पिसुर्ले, होंड्याच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटलेले. बसने येणाऱ्यांना त्यांच्या बसप्रमाणेच वेळ देतो. वहीत नावापुढे वेळेऐवजी "केरीची" किंवा "वाळपईची" एवढंच लिहिलेलं असतं. बस चुकली तर पेशंटला ओसरीत बसायला बाक आहे.

यंत्रांचं दमटपणाने फार नुकसान होतं, हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. रेक्झिनच्या टेबलांवर आठवडाभरात बुरशी, आयएफटीच्या पॅडची चिकटाई जाते, वीज खालीवर झाली की अल्ट्रासाउंड रुसतो. व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि ओल शोषणारं यंत्र घेतलं, टेबलं रोज कोरड्या फडक्याने पुसायची जबाबदारी मदतनीस मुलीने स्वतःहून अंगावर घेतली. या खर्चाचा अंदाज बेळगावात बसून आला नसता.

2024 मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली आणि टिपरवाले यायला लागले आहेत, या वेळी दुखणं वाढायच्या आधी. त्यांना गाडीच्या सीटवर पाठीमागे काय ठेवायचं, खेपांच्या मध्ये उतरून कोणते दोन ताण घ्यायचे, एवढं शिकवून सोडते. अर्धांगाच्या पेशंटांकडे घरी जावं लागतं. सत्तरीतल्या आतल्या गावांत त्यासाठी ह्यांनी गुरुवार राखून ठेवला आहे. गाडी तेच चालवतात, मला तिथली वळणं जमत नाहीत.

आता वाळपईत आठवड्यातून दोन दिवस बसायला एक खोली शोधतोय. दोन बघितल्या. एकीला जिना आहे आणि दुसरीचं एक-चौदा ह्यांनी अजून वाचायला घेतलेलं नाही.