आज अंगणात भरलेला बाजार
आज शिबिरात तीन ते दहा वर्षांची मुलं एकत्र होती. नाटुकलं बसवायचं की नुसता खेळ, हे काल रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी आठवडी बाजार मांडला. मोठ्यांनी पुठ्ठ्यावर भाव लिहिले, तराजू बांधला, घासाघिशीचे संवाद ठरवले. पाच-सहा वर्षांची मुलं भाजीवाली, गिऱ्हाईक, चहावाला झाली. अगदी लहानांना मात्र भूमिका वाटूच नयेत. खरी टोपली, खरे बटाटे द्यावेत. एक चिमुरडी कितीतरी वेळ बटाटे नुसती भरत होती, ओतत होती. मग एकदम डोक्यावर चुंबळ ठेवून ओरडली, "घ्या वो ताई, ताजे हायेत!" तिची आजी बाजारात बसते. दहा वर्षांचा दादा ठरलेला संवाद सोडून तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दोन किलो मागितले.

उद्या पोस्ट ऑफिस. जुनी पाकिटं असतील तर द्या.