मुरगावहून क्रूझ : मोठी बॅग सोडा, खांद्यावरची पिशवी नीट भरा

गोव्यातल्या मुरगावहून लक्षद्वीप करून मुंबईला जाणाऱ्या क्रूझवर चढणार असाल तर एजंटने दिलेली सामानाची यादी आधी बाजूला ठेवा. आम्हाला मिळालेली यादी दोन पानी होती. प्रत्येक संध्याकाळचा वेगळा पोशाख, पुरुषांना ब्लेझर, बायकांना उंच टाचांचे सँडल, जहाज सुटतानाच्या फोटोसाठी सगळ्यांना पांढरे कपडे. आणि खाली ठळक अक्षरांत : "विमानासारखी वजनाची मर्यादा नाही, हवं तेवढं घ्या." मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई अशा चार जणांच्या चार मोठ्या बॅगा झाल्या. त्यातलं निम्मं सामान घडी न मोडता फोंड्याला परत आलं. कालच परतलोय, खांदे अजून दुखताहेत, म्हणून सगळं ताजं असतानाच लिहिते.

बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्याकडून वास्कोला पोचेपर्यंत सगळं मजेत होतं. बंदराच्या फाटकाशी गाडी थांबवली, आत जायला परवानगी नाही. तिथून पुढे सामान आपलं आपण ओढायचं. फेब्रुवारीतसुद्धा दुपारी एकच्या उन्हात ते अंतर जीव काढतं. रांगेत सावली अगदी थोडी, आणि वयस्कर माणसांना टेकायला जागा नाही. सासूबाई बॅगेवर बसल्या, कारण दुसरा इलाज नव्हता. बॅग अशीच घ्या की जी तुमची तुम्हाला एका हाताने ओढता येईल आणि दोन पायऱ्या उचलता येईल. घरातल्या जिन्यावरून एकदा वर-खाली करून बघा. जमलं नाही तर सामान कमी करा, मोठी चाकं असलेली बॅग विकत आणू नका.

खरा त्रास त्यानंतर झाला. जहाजावर मोठ्या बॅगा तुमच्याबरोबर जात नाहीत. चढण्यापूर्वीच त्या चिठ्ठी लावून ताब्यात घेतात, स्कॅनरमधून काढतात आणि मग खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. याला किती वेळ लागतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी दिलेल्या बॅगा आमच्या दाराशी रात्री नऊनंतर आल्या, आणि त्यातली एक तर त्याहूनही उशिरा. यादीत औषधं "मुख्य बॅगेत, प्लास्टिकच्या डब्यात" असं लिहिलेलं. सासूबाईंची रक्तदाबाची आणि साखरेची गोळी त्या डब्यात! संध्याकाळच्या गोळीची वेळ टळायला लागली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. स्वागतकक्षावर गेले तर उत्तर एकच, "मॅडम, येईल." शेवटी जहाजावरच्या डॉक्टरांकडे गोळी मिळाली, पण तपासणीचे पैसे वेगळे लागले आणि ते फोंड्यातल्या दवाखान्याच्या कितीतरी पट होते.

म्हणून खांद्यावरची पिशवी हीच तुमची खरी बॅग समजा आणि ती आधी भरा. संपूर्ण प्रवासाची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. चेक-इनचा कागद छापून, कारण रांगेत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. एक कपड्यांचा जोड, रात्रीचे कपडे, टूथब्रश, चष्मा, चार्जर, पोहायचे कपडे. शेवटचं नाव विचित्र वाटेल, पण लहान मूल बरोबर असेल तर ते जहाजावर पाय ठेवताच तरणतलाव बघणार आणि तुम्हाला सोडणार नाही. आमच्या मुलीने अख्खी दुपार तलावाच्या काठावर रडून काढली. शिवाय एक शाल किंवा जाड ओढणी पिशवीत असू द्या. बाहेर घामाच्या धारा आणि आत जेवणघरात दात वाजतील असा एसी. नाट्यगृहात त्याहून थंड.

काय नेऊ नये हे स्कॅनरपाशी कळलं. इस्त्री, पाणी तापवायची किटली, वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं काढून ठेवतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, भर समुद्रात अग्निशमन दल येणार कुठून, त्यामुळे या नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण याच कारणाने निरांजन, उदबत्ती आणि काडेपेटीही गेली. घरात देवपूजा करणारं कुणी असेल तर त्यांना निघण्यापूर्वीच सांगा, ऐनवेळी सांगितलं की मन दुखावतं. त्यानंतर सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता निघाला. पितळेचा, मोराच्या आकाराचा, त्यांच्या माहेरचा. स्कॅनरवर मालवणची एक मुलगी होती. तिने तो हातात घेऊन धारेवर अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "आजी, हे धारेचं आहे, वर नेता येत नाही. ही चिठ्ठी जपून ठेवा, उतरताना परत मिळेल." मिळालाही, पण तोवर सासूबाईंचा जीव त्यातच अडकलेला. पान खाणाऱ्यांनी कातरलेली सुपारी न्यावी.

मुंबईच्या नातेवाइकांसाठी आपण काजू नेतोच. कारखान्याचं सीलबंद पाकीट आमच्या जहाजावर चाललं, घरी केलेले लाडू आणि दोदोल चालले नाहीत. फेणीच्या बाटल्या तर नेऊच नका. चढतानाच काढून ठेवतात, आणि गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे.

आता पांढऱ्या कपड्यांबद्दल. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. वास्कोत आणि सड्यावर खिडक्यांच्या चौकटींवर काळी पूड बसते, हे गोव्यात कुणाला नव्याने सांगायला नको. यादी करणाऱ्याला मात्र ते माहीत नसावं. रांगेतल्या लोखंडी कठड्याला मुलगी पाच मिनिटं टेकून उभी राहिली, तर तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर पोटाशी आडवा काळा पट्टा उमटला. चोळला तसा पसरत गेला. चढताना गडद रंगाचे, सुती, चुरगळले तरी चालतील असे कपडे घाला. फोटो दुसऱ्या दिवशी काढा.

संध्याकाळच्या पोशाखांचं म्हणाल तर एक बरा जोड पुरतो. ब्लेझर आमच्या जहाजावर मोजक्या लोकांनी घातला होता आणि त्यांना कुणी वेगळं टेबल दिलं नाही. उंच टाचांचे सँडल म्हणजे धोका आहे. जहाज रात्री हलतं, जिने अरुंद आणि डेक ओले. शिवाय चढल्याबरोबर आणीबाणीची कवायत असते : सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की नेमून दिलेल्या जागी जमायचं. मुंबईहून चढलेल्या लोकांची ती आधीच झालेली असते, त्यामुळे गोव्यात चढणाऱ्यांना वाटतं की आपण टाळली तर काय बिघडलं. टाळू नका. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी मधल्या बंदरावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. तिथे सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालूनच जा. लाइफ जॅकेट जहाजावर असतात, मुलांसाठीही. आमच्या यादीत मुलांचं तरंगतं जॅकेट विकत घ्यायला सांगितलं होतं. तो खर्च पूर्ण वाया.

खोली लहान असते हे छायाचित्रांत कळत नाही. पलंग, अरुंद कपाट, एक आरसा, आणि वळलं की बाथरूम. आमच्या चार बॅगांपैकी दोन पलंगाखाली गेल्या, उरलेल्या दोन दारामागे, म्हणजे रात्री उठायचं तर बॅग सरकवून. भिंती मात्र पत्र्याच्या असतात, त्यावर लोहचुंबकाचे आकडे घट्ट बसतात. टोप्या, ओले टॉवेल, पिशव्या सगळं भिंतीवर टांगता येतं. यादीत नसलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात उपयोगाची ही. शेजारच्या खोलीतल्या डिचोलीच्या काकींनी दोन उसने दिले म्हणून आमचं भागलं. एक पातळ नायलॉनची दोरी आणि कपडे धुवायची साबणवडीही घ्या. जहाजावरची धुलाई नगावर पैसे घेते, आणि एका साध्या कुर्त्याला जे बिल आलं त्यात इथे नवा कुर्ता आला असता.

समुद्र लागण्याचा त्रास होणारे लोक लिंबू आणि आलेपाक घेऊन येतात. आलं थोडं काम करतं. पण ज्यांना कदंबच्या बसमध्येसुद्धा मळमळतं त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी आणावी, आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर पोटात गोळी टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेवढं लक्षात ठेवा. खोली ठरवताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची मागा, तिथे हेलकावे कमी लागतात. पुढच्या टोकाच्या खोलीतले आमच्या ओळखीचे एक जण पहिली रात्रभर बसून होते.

फोन बंदर सुटताच विमान मोडवर टाका, विसरू नका. किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं आणि काही जहाजांवर फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. त्याचे दर भयानक असतात. वाय-फाय विकत मिळतं, महाग आणि संथ. गाणी, मुलांच्या गोष्टी, पुस्तकं घरूनच उतरवून न्या. जहाजावर रोख चालत नव्हती, सगळं खोलीच्या कार्डावर लिहिलं जातं आणि शेवटी एकदम बिल येतं. रोज रात्री खर्चाचा कागद मागून बघा. आमच्या बिलात आम्ही न घेतलेल्या दोन कोल्ड कॉफी होत्या. दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणून काढल्या, शेवटच्या सकाळच्या रांगेत कुणी ऐकलं नसतं.

लक्षद्वीप सुंदर आहे. त्याबद्दल फार लिहायची गरज नाही, काहीच अडलं नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान होडीतून बेटावर नेतात. हेलकावणाऱ्या होडीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची सॅक घ्या, पर्स नको. पाचवारी नेसून ते अवघड आहे. सासूबाईंनी नातीच्या आग्रहाने सलवार-कमीज घातला आणि आमच्या आधी उतरल्या. किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणू नका, कायद्याने संरक्षित आहे.

शेवटच्या रात्री पुन्हा तोच खेळ. मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या, त्या मुंबईच्या टर्मिनलवर मिळतात. सकाळचे कपडे आणि चप्पल आधी बाजूला काढा, मगच बॅगेची चेन लावा. सकाळी आमच्या मजल्यावर एक गृहस्थ बर्मुडा आणि जहाजाच्या कागदी सपाता घालून उतरले.

आणि मुंबई. जहाज लागतं त्या बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी स्टेशन जेमतेम दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांनी सुरू होतं. आमच्या चार बॅगा बघून टर्मिनलपाशी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने सांगितलं की एका गाडीत मावणार नाही, दोन लागतील, प्रत्येकी ७०० रुपये. मीटरचं नाव काढलं तर तोंड फिरवलं. उन्हात वृद्ध माणूस, पेंगुळलेलं मूल, काय करणार? १४०० रुपये मोजले. आमच्यामागून डिचोलीचं कुटुंब आलं. माणशी एक लहान बॅग. ते चालत फाटकाबाहेर आले, बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यावर जाणारी टॅक्सी हात दाखवून थांबवली आणि मीटरने, पन्नासच्या आत, स्टेशनला पोचले. हे मी पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगतेय, कारण राग अजून गेलेला नाही. लहान बॅग घ्या आणि टर्मिनलच्या दारात टॅक्सी ठरवू नका.

जहाज सकाळी सोडतं आणि गोव्याला परतायची रेल्वे, कोकणकन्या, रात्री अकराच्या सुमारास सुटते. दिवसभर बॅगा सांभाळत फिरता येत नाही, म्हणून सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवाव्या लागतात. तिथे तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं, आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. यादीत लिहिलं होतं, "कुलूप लावू नका, जहाजावर तपासणी होते." स्टेशनबाहेर चार कुलपं घ्यावी लागली, विक्रेत्याने गरज ओळखून भाव लावला. घरातली छोटी कुलपं खांद्यावरच्या पिशवीत टाकून न्या आणि मुंबईत बॅगा हातात आल्यावर लावा.