खुंटावरची खूण गाडली गेली तो दिवस

वॉकीटॉकीवर मी "पंप बंद करा" म्हणाले. थोडा वेळ पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज. ड्रेजर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारं जहाज, रिकामा उभा ठेवायचा म्हणजे तासागणिक पैसा जातो, हे मलाही कळत होतं. पण थर कुठवर चढू द्यायचा ते दाखवणारी समोरच्या खुंटावरची लाल खूण गाळात गाडली गेली होती.

जलमार्गातून उपसलेला गाळ बऱ्याचदा भर समुद्रात नेऊन टाकतात. पण तोच गाळ जमिनीच्या कामीही येतो. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातलं पॉप्लर बेट झिजून जेमतेम दोन हेक्टर उरलं होतं. १९९८ पासून बाल्टिमोर बंदराच्या जलमार्गांतला गाळ घालून ते पुन्हा उभं केलं जातंय. आमचं काम त्यामानाने लहान. खचत चाललेल्या खाजणावर १५ सेंटिमीटरचा थर पसरायचा, बस. जमीन खाली गेली की पाणी जास्त वेळ तुंबतं, गवताची मुळं गुदमरतात, कुजतात, आणि जमीन आणखी खचते. पण थर जाड झाला तर भरती वर पोचतच नाही, मग ते खाजण राहत नाही.

"ओला गाळ आहे, बसेल आपोआप," सहकारी म्हणाला. एरवी त्याचं बरोबर असतं. ताज्या गाळात पाणीच जास्त, महिनोन्‌महिने तो खाली बसत राहतो. मी गुडघाभर चिखलात वाकून मूठभर उचलला आणि बोटांत चोळला. करकरीत वाळू! जड वाळू पाइपाच्या तोंडाशीच पडते, बारीक गाळ पुढे वाहून जातो. पाइप हलवायला आम्हाला दोन तास उशीर झाला होता, आणि वाळू काही बसणार नव्हती.

ढीग ओहोळाच्या तोंडाला टेकला होता. भरती आत येते ती त्याच वाटेने, माशांची पिल्लंही. यंत्र तिथे रुतलं असतं. आम्ही पाच जणांनी फावडी घेतली आणि ओहोटी संपेपर्यंत उपसत राहिलो. हात सोलवटले. अंधार पडताना गढूळ पाण्याची बोटभर धार ओहोळात शिरली, जरा अडखळली, मग आत गेली. कोणी काही बोललं नाही.

पुढच्या हंगामात पातळ थरातून जुन्याच गवताचे कोंब वर आले. ढिगाची जागा अजून उघडी आहे. तिथला खुंट मी काढू दिलेला नाही.