आजोबांचा एक्स

माझ्या नवजात नातवाच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं, त्या पेशींना सांभाळणारं एन्झाइम कमी निघालं, तेव्हा "आमच्या घराण्यात असलं काही नाही बुवा," असं व्याही म्हणाले ते अगदी खरं होतं. आणि समजा असतं, तरी ते त्यांच्या मुलाकडून माझ्या नातवापर्यंत पोचलंच नसतं. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं. जी-सिक्स-पीडीचं जनुक बसलंय एक्सवर, त्याच्या लांब बाहूच्या पार टोकाशी. रंगांधळेपणाची आणि हिमोफिलियाची जनुकंही तिथंच जवळपास. म्हणजे चौकशी करायची तर ती आमच्या बाजूची. नागपूरच्या दवाखान्यातल्या कॅन्टीनमध्ये मी त्यांना टेबलावर बोटानं रेघा काढून हे समजावलं. किती पटलं देव जाणे, पण त्यांचा चेहरा मोकळा झाला.

बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं होतं. नवजात बाळाची कावीळ बहुतेकांना होते आणि जाते, पण याचं बिलिरुबिन भराभर चढत होतं. निळ्या दिव्याखाली ठेवलं, तपासण्या पाठवल्या, त्यात ही कमतरता निघाली. बालरोगतज्ज्ञ बाईंचा पहिला प्रश्न होता, "घरात कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या ठेवता का?" आमच्या हिला तो प्रश्न फार लागला. दुपटी, कुंची, जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी, सगळं तिनं ब्रह्मपुरीहून पेटीतून काढून कौतुकानं आणलेलं, आणि पेटीत गोळ्या होत्याच. त्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. ज्याच्या रक्तपेशीत हे एन्झाइम कमी आहे त्या बाळाला नुसत्या वासानं, कातडीला लागलेल्या कपड्यानं त्रास होऊ शकतो. आमच्या बाळाची कावीळ गोळ्यांमुळेच झाली असं कुणी म्हटलं नाही. ती एरवीही झाली असती. पण सगळे कपडे परत गेले, आणि बारशाला आत्यानं मेंदी आणली तीही बाळाला लावू दिली नाही. नवजात बाळाला मेंदीनंही हाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, हे मला तेव्हाच कळलं.

मी कोण, ते सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली. हिवतापाचे रक्तनमुने जेएसबी रंगात रंगवायचे आणि दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं. पावसाळ्यात काचपट्ट्यांचे ढीग यायचे. पीव्ही की पीएफ, एवढंच लिहायचं. पीएफ म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपेरम, पीव्ही म्हणजे प्लाझमोडियम व्हायवॅक्स. हा व्हायवॅक्स परजीवी फार चिवट आहे. रक्तातला मेला तरी यकृतात काही झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत उठतात. त्या झोपलेल्यांना मारायला प्रायमाक्विन लागतं. सरकारी भाषेत त्याला समूळ उपचार म्हणायचं, चौदा दिवसांचा. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, मग उरलेल्या गोळ्या कोण खातो? आशाताई घरोघरी फिरून समोर उभ्या राहून खायला लावायच्या, त्यांना माझा दंडवत.

तर याच प्रायमाक्विनमुळे जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेचा शोध लागला.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्टेटव्हिल नावाचा तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धापासून तिथल्या कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन औषधं तपासली जात होती. कैद्याची संमती म्हणजे किती संमती, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. पुढे कोरियातून परतणाऱ्या सैनिकांनाही प्रायमाक्विन दिलं गेलं. बहुतेकांना काही झालं नाही. काही जणांना मात्र, आणि त्यांत कृष्णवर्णीय जास्त, दोनतीन दिवसांत लघवी काळी व्हायची, हिमोग्लोबिन कोसळायचं. दोष औषधात, शरीरात की रक्तपेशीत? संशोधकांनी युक्ती केली. त्रास होणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशी किरणोत्सारी क्रोमियमनं खुणावून त्रास न होणाऱ्याच्या अंगात चढवल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. पाहुण्या पेशी फुटल्या, यजमानाच्या शाबूत राहिल्या. उलटं केलं तेव्हा उलटं झालं. दोष पेशीत होता. शेवटी १९५६ मध्ये कार्सन, अल्विंग आणि सहकाऱ्यांनी नेमकं एन्झाइम दाखवलं: ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. तंत्रज्ञ म्हणून मला हा प्रयोग आजही देखणा वाटतो. तो कुणाच्या अंगावर झाला हे आठवलं की तोंड कडू होतं, पण देखणा आहेच.

हे एन्झाइम काय करतं? तांबडी पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहते, आणि ऑक्सिजन लोखंडाला गंजवतो तसा पेशीलाही आतून खात असतो. तो गंज उतरवायला ग्लुटाथायोन लागतं, ग्लुटाथायोन ताजंतवानं ठेवायला एनएडीपीएच लागतं, आणि तांबड्या पेशीत ते बनवायचा मार्ग या एन्झाइमपासूनच सुरू होतो. इतर पेशींकडे दुसऱ्या वाटा असतात. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवीन एन्झाइम घडवायची सोय नाही. जन्माला येताना जेवढं घेतलं तेवढ्यावर साधारण १२० दिवस काढायचे. एरवी निभतं. प्रायमाक्विनसारखं औषध, जोराचा जंतुसंसर्ग किंवा डांबरगोळी आली की जुन्या पेशी आधी फुटतात. म्हणूनच एक महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या धंद्यातलेही विसरतात: पेशी फुटून गेल्या-गेल्या तपासणी केली तर ती नॉर्मल येऊ शकते, कारण कमजोर म्हाताऱ्या पेशी मेलेल्या असतात आणि नमुन्यात तरुणच उरतात. संशय असेल तर तीनेक महिन्यांनी पुन्हा रक्त द्यावं.

आता माझी गोष्ट. मुलीकडून बाळाला गेलेला हा एक्स एक तर तिच्या आईकडून आलेला, एक तर माझ्याकडून. हिची बाजू तपासायच्या आधी मी माझंच रक्त दिलं, कारण मला एक जुनी गोष्ट आठवत होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला पीव्ही झाला होता. तेव्हा प्रायमाक्विन पाचच दिवस द्यायचे. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे. सगळ्यांनी ठरवलं, कावीळ. आईनं माझ्या गोळ्या बंद केल्या आणि काविळीची माळ घालणाऱ्याकडे नेलं. ती माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेपर्यंत वाढत जाते म्हणतात. माझी वाढली, मी बरा झालो, आणि आई शेवटपर्यंत त्या माणसाचे गुण गात राहिली. आता हिशेब केला तर दिसतं की गोळ्या बंद झाल्या हेच औषध होतं. प्रायमाक्विन शरीरात काही तासच टिकतं, बंद केलं की पेशी फुटणंही थांबतं. माळवाल्याला श्रेय द्यायचं तर एवढंच की त्यानं पथ्य म्हणून "इंग्रजी गोळ्या घ्यायच्या नाहीत" असं बजावलं.

माझा रिपोर्ट आला: एन्झाइम कमी. तेव्हा मुलगी वाहक आहे हे तिची तपासणी न करताच ठरलं, कारण पुरुषाकडे एकच एक्स असतो आणि तो प्रत्येक मुलीला जातोच. तिच्या मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी होती. मिळाला. माझ्या मुलाला मात्र माझ्याकडून आडनाव मिळालं, हे नाही. तो आणि त्याची पोरंबाळं माझ्यापुरती तरी सुटली.

आपलं कुळ, गोत्र, वंशावळ हे सगळं वायच्या मार्गानं चालतं: बाप, मुलगा, नातू. एक्स त्या मार्गानं जातच नाही. तो आजोबाकडून मुलीत, मुलीकडून नातवात, दर लग्नाला नवं आडनाव घेत जातो. भाटांच्या वह्यांत मुलींच्या घरचं कुठं कोण लिहितं? त्यामुळे एखाद्या घरात "मामाला पण असंच झालं होतं" अशी आठवण बायकांच्या बोलण्यातच सापडते. दवाखान्यात कौटुंबिक इतिहास विचारताना बापाला विचारतात. माझं मत विचाराल तर या आजारात आजीला विचारा.

बायकांचं आणखी वेगळं. त्यांच्याकडे दोन एक्स, पण प्रत्येक पेशीत त्यातला एकच जागा राहतो. हे जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून मांडलं, आणि माणसात ते दाखवायला रक्ततज्ज्ञ बॉयटलर यांना हेच एन्झाइम उपयोगी पडलं. वाहक बाईच्या रक्तात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी एकत्र फिरत असतात, काही भरपूर एन्झाइमवाल्या, काही रित्या. प्रमाण कसं पडेल ते नशिबावर. त्यामुळे वाहक बाईची साधी तपासणी नॉर्मल येऊनही तिला त्रास होऊ शकतो.

हे जनुक जगात टिकलं कशाला, हा प्रश्न उरतो. जगभर ४० कोटींहून जास्त लोकांत ही कमतरता आहे, आणि नकाशा काढला तर तो जुन्या हिवतापाच्या नकाशावर जाऊन बसतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हे गावागणिक दिसलं: खालच्या दलदलीच्या, हिवतापाच्या गावांत प्रमाण जास्त, वर डोंगरातल्या गावांत कमी. परजीवी शिरलेली कमजोर पेशी शरीर लवकर ओळखून खाऊन टाकतं, असं एक स्पष्टीकरण आहे. मात्र हे कवच वाटतं तितकं साधं नाही. आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासांत अलीकडे असं दिसलं की ही कमतरता मेंदूच्या हिवतापापासून वाचवते, पण हिवतापातल्या गंभीर रक्तक्षयाचा धोका वाढवते. आपल्याकडे मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत "जी-सिक्स-पीडी ओरिसा" नावाचा प्रकार जास्त सापडतो, मुंबईच्या पारशी समाजात भूमध्य सागराकडचा. माझा कुठला, ते मी तपासलं नाही. औषधं टाळायला त्यानं काही फरक पडत नाही.

गडचिरोलीत ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही. जिथं हिवताप जास्त तिथंच ही कमतरता जास्त, आणि तिथंच प्रायमाक्विन सर्वात जास्त वाटायचं. गावपातळीवर एन्झाइम तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. सूचना एवढीच: लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले तर गोळी थांबवा आणि या. प्रायमाक्विन लवकर उतरतं म्हणून हे चालून जायचं. आता टॅफेनोक्विन नावाचं एका डोसाचं औषध आलंय, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चौदा दिवसांची कटकट संपते, पण ते आठवडेच्या आठवडे रक्तात राहतं. एकदा गिळलं की थांबवता येत नाही. ते द्यायचं तर आधी एन्झाइम मोजायलाच हवं, आणि तेही नुसतं आहे-नाही असं नव्हे, किती आहे ते. जंगलातल्या उपकेंद्रात हे यंत्र पोचेपर्यंत मी तरी या औषधाबद्दल फार उड्या मारणार नाही. कुष्ठरोगाचं डॅप्सोनही या कमतरतेत त्रास देणाऱ्या औषधांतलंच, आणि आमचा भाग कुष्ठरोगाचाही.

मुलीनं इंटरनेटवरून एक चार पानी यादी छापून फ्रिजवर चिकटवली आहे. त्यात सगळ्या डाळी, शेंगा, सोयाबीन, शेंगदाणे, काय नाही ते बंद. विहीणबाईंनी घाबरून डाळिंब्यांची उसळ करणं सोडलं. मी म्हटलं, अहो, यात दोषी आहे तो बाकला, व्हिसिया फाबा. व्हिसिन नावाचं द्रव्य त्यात असतं. आपला वाल, पावटा ही वेगळीच वनस्पती. बालरोगतज्ज्ञ बाईंनीही तेच सांगितलं. यादी उतरवली नाही, पण तिच्यावर आता मी लाल पेनानं खुणा केल्यात: बाकला नाही, डांबरगोळ्या नाहीत, आणि औषध कुठलंही असो, डॉक्टरला आधी हा कागद दाखवायचा.

माझ्या बाजूला अजून काम बाकी आहे. माझा एक्स आईकडून आला. म्हणजे माझ्या गोंदियाच्या बहिणीकडे तो असण्याची शक्यता आहे, आणि तिचा मुलगा केंद्रीय राखीव दलात आहे, नेमणूक सध्या छत्तीसगडच्या जंगलात. तिथं आज ना उद्या ताप येणार आणि हातात प्रायमाक्विन पडणार. त्याला फोन केला तर म्हणतो, "मामा, मी ठणठणीत आहे, तपासायचं काय?" मी त्याला माझ्या रिपोर्टचा फोटो पाठवलाय आणि सुट्टीवर आला की नागपूरला उतरून रक्त देऊनच घरी जायचं, असं त्याच्या आईकडून वदवून घेतलंय.