समुद्रकाठचं शहर: फेब्रुवारी की एप्रिल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ‘समुद्रकाठच्या शहरात फिरायला जायचंय, थंडी सरता सरता जाऊ की वसंतात?’ हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याने बहुतेकदा वसंत ठरवूनच टाकलेला असतो, माझी फक्त मान हलायची बाकी असते. पण समुद्रासाठी जाणार असाल, तर माझं मत फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना आहे. मी इथे पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातल्या, चार ऋतूंच्या शहरांबद्दल बोलतेय.

जमीन लवकर तापते, समुद्र फार सावकाश. त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर पाणी सगळ्यात गार असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्येही ते फारसं सावरलेलं नसतं. एप्रिलच्या लख्ख दुपारी जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरचा गार वारा आत घुसतो. बॉस्टनमध्ये हे फार जाणवतं. शहराच्या आतल्या बाजूला उबदार दुपार असते आणि बंदरावर जाकीट घालावं लागतं. एडिनबराला उबदार हवा गार उत्तर समुद्रावरून येताना तिचं धुकं होतं आणि ते किनाऱ्यावर चढतं. हे धुकं हिवाळ्यापेक्षा वसंत-उन्हाळ्यातच जास्त. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे वसंतातले वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. एप्रिल-मेमध्ये तिथला समुद्र जानेवारीपेक्षाही गार असू शकतो. कॅलेंडरवर वसंत आला म्हणून किनाऱ्यावर आलाच, असं धरून चालू नका.

हिवाळ्याच्या शेवटी मात्र समुद्र पाहण्यासारखा असतो. अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा पोर्तुगालच्या किनाऱ्यापर्यंत येतात. लिस्बनच्या उत्तरेला नाझारे आहे. तिथे समुद्राखालची खोल दरी थेट किनाऱ्याजवळ येते, म्हणून लाट अचानक प्रचंड उंच होते. या लाटांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलमध्ये गेलात तर बहुधा नुसता सुंदर किनारा पाहून याल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून करडे देवमासे हिवाळ्यात दक्षिणेकडे जातात आणि फेब्रुवारीपासून उत्तरेकडे परतू लागतात. त्या दिवसांत दोन्ही दिशांचे प्रवासी दिसण्याची शक्यता असते. ज्याला समुद्राची ओढ आहे त्याने हे एकदा तरी पाहावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच का नको? उजेडासाठी. लिस्बनच्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या मध्याला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो. विषुवदिनाच्या आगेमागे तो सगळ्यात झपाट्याने वाढतो, रोज अडीच मिनिटांहून जास्त. चार-पाच आठवडे थांबलात तर संध्याकाळ पदरात पडते.

पाऊस लागेल, हे धरूनच चला. वाराही असेल. इस्तंबूलला नैर्ऋत्येचा लोदोस वारा सुटला की बोटींच्या फेऱ्या रद्द होतात, म्हणून बोटीचा बेत परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट घ्या. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

वसंताची बाजूही खरी आहे. इस्तंबूलच्या एमिरगान बागेतले ट्यूलिप एप्रिलमध्येच फुलतात आणि कोरियातल्या जिन्हे बंदरातली चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. फुलांसाठी जाणार असाल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. बरोबर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कुणी असेल, तरीही एप्रिलच बरा, कारण ओल्या चढणीवर त्यांचे हाल होतात. फक्त पश्चिम युरोपात ईस्टर कधी आहे ते आधी पाहा. तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही येतो आणि त्या आठवड्यात गर्दी उसळते. अलेक्झांड्रियाला मात्र वसंतात वाळवंटाकडून खमसीन हा धुळीचा गरम वारा येतो, तिथे थोडं आधी गेलेलं चांगलं.

आणि बॉस्टन ठरलं असेल, तर दोन्ही सोडा. मेअखेर जा.