नक्षी सात मिलिमीटर, वय बारा वर्षं

आमची कॅम्पर व्हॅन २००३ सालची. फियाट डुकाटोच्या चॅसीवर बांधलेली, आत झोपायला तीन जणांची सोय, दोन बर्नरची शेगडी आणि माणूस जेमतेम उभा राहील एवढं न्हाणीघर. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात, आम्ही राहतो तिथे, कॉव्हेंट्रीजवळच्या एका निवृत्त जोडप्याकडून घेतली. अठरा वर्षांत फक्त ३८ हजार मैल झाले होते. आजोबांनी सर्व्हिसिंगच्या पावत्या सुद्धा तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. अशी गाडी सोडणार कोण?

टायर मी बघितले होते. बघितले म्हणजे खाली वाकलो, नक्षीत नख घालून खोली चाचपली आणि मनातल्या मनात खूश झालो. सात मिलिमीटर तरी असेल. इथे कायद्याला १.६ पुरतात. म्हणजे टायर जवळजवळ नवेच आहेत असं धरून मी तो विषय तिथेच मिटवला.

यात माझ्या वाढण्याचाही दोष आहे. मी तासगावचा. अण्णांचा मॅटेडोर होता, हंगामात द्राक्षं घेऊन वाशीला जायचा. आमच्याकडे टायरची एकच परीक्षा: नक्षी आहे की गोटा झालाय. गोटा झाला की वर नवी नक्षी चढवून रिमोल्ड, रिमोल्डही गेला की स्टेपनीला, आणि तिथूनही उतरला की गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून. टायर म्हातारा होतो हे आमच्या घरात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. म्हातारं व्हायला त्याला वेळच कुठे मिळायचा!

दोन वर्षं काही झालं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडहून परत येताना, एम सिक्स महामार्गावर शॅपचा चढ उतरल्यावर मागून एक आवाज यायला लागला. धप, धप, धप. वेग वाढवला की जवळजवळ, कमी केला की लांब लांब. बायको म्हणाली, "अरे, कपाटाचं दार उघडं राहिलंय का बघ." मलाही तसंच वाटलं. टीबेच्या थांब्यावर गाडी घेतली, मागे जाऊन पाहिलं, कपाटं सगळी बंद. खाली वाकलो तर मागच्या डाव्या टायरला टेंगूळ. बाहेरच्या गालावर नव्हे, नक्षीतच, तळहाताएवढा भाग वर उचललेला. आतल्या पोलादी तारांच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या की असं होतं. आणखी पन्नास मैल ताणले असते तर काय झालं असतं ते मला त्या रात्री झोपेत तीन-चार वेळा दिसलं.

स्टेपनी होती. गाडीच्या पोटाखाली, तारेच्या लहानशा विंचला टांगलेली. ती तार गंजून इतकी घट्ट बसली होती की पान्याने फिरवायला गेलो तर पानाच निसटला आणि बोटं सोलवटली. मग ब्रेकडाउनवाल्यांना फोन.

आलेला गृहस्थ साठीच्या पुढचा, फारसं न बोलणारा. त्याने टेंगूळ पाहिलं, मान हलवली, आणि मग जे केलं ते मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर बसून टायरच्या गालावरची धूळ अंगठ्याने पुसत पुसत एक लांबट चौकट शोधली आणि मला म्हणाला, "वाच." डॉट ही अक्षरं, त्यापुढे कसलेसे कोड, आणि शेवटी चौकटीत चार आकडे: ०९११.

"दोन हजार अकराचा नववा आठवडा," तो म्हणाला.

पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. मग आम्ही दोघांनी मिळून गाडीला प्रदक्षिणा घातली. मागचे दोन्ही ०९११. पुढच्या उजव्यावर ४११४. पुढच्या डाव्यावर चौकट दिसेचना, कारण पूर्ण तारीख बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेलेली असते. मोबाइलचा टॉर्च लावून पाठीवर सरपटत खाली गेलो. तिथेही ४११४. आणि स्टेपनी? ३६०२. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली, एकदाही रस्त्याला न लागलेली, एकवीस वर्षांची कुमारी.

त्याने पुढचा प्रश्न विचारला: "हवा किती ठेवतोस?" मी जरा चाचरत सांगितलं, चाळीस-बेचाळीस पीएसआय. कमी हवेत गाडी मऊ चालते, भांड्यांचा खडखडाट होत नाही, हा माझाच शोध. तो काही बोलला नाही, फक्त टायरवर हात ठेवला आणि मला ठेवायला लावला. गाडी उभी राहून तास होत आला होता, तरी कोमट. हवा कमी असली की टायरचा गाल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापलेलं जुनं रबर सुटतं. तेव्हा टेंगूळ वयाने आलं की माझ्या अकलेने, याचं प्रामाणिक उत्तर "दोन्हीने" असं आहे.

घरी गाडी ट्रकवरून आली. दुसऱ्या दिवशी मी जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. एमओटी म्हणजे इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी. तिचा सगळा इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकला की फुकट दिसतो. त्यात लागोपाठ तीन वर्षं एकच सूचना होती: मागच्या टायरांना बारीक भेगा. नापास नव्हे, नुसती सूचना. भेगा इतक्या खोल गेल्या की आतले धागे दिसतील, तर गाडी नापास, तोवर पास. आणि वयाचं म्हणाल तर आमच्यासारख्या गाडीला वयाची अटच नाही.

काही गाड्यांना ती आहे, आणि ती कशी आली हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये आइल ऑफ वाइटच्या एका संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलकडे परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरे परगण्यात ए थ्री रस्त्यावर फुटला. तिघे गेले. तो टायर एकोणीस वर्षांपेक्षा जुना निघाला, बसपेक्षाही जुना. गेलेल्यांत अठरा वर्षांचा मायकेल मोलॉय होता. त्याची आई फ्रान्सिस मोलॉय मग वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागली. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून बस आणि लॉरींच्या पुढच्या चाकांना, आणि मिनीबसच्या सगळ्या एकेरी (जोडीने न बसवलेल्या) चाकांना, दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली. कॅम्पर त्यात बसत नाही. माझ्या गाडीत माझीच मुलगी झोपते, तर नियम मीच लावायचा.

कॅम्परचे टायर न झिजता का मरतात, तेही कळलं. रबराचा मोठा शत्रू हवेतला ओझोन, आणि जोडीला ऊन. त्यावर उपाय म्हणून रबरात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. चाक फिरताना टायर दबतो-सुटतो, तसतसं ते मेण पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. गाडी उभी राहिली की ते आतच राहतं. रोज पळणारी डिलिव्हरी व्हॅन स्वतःचं तेलपाणी स्वतः करून घेते. आमची गाडी ऑक्टोबर ते मार्च एकाच जागी, एकाच ठिकाणी टायर दाबून, वर अख्खा संसार घेऊन उभी. रिकामी अशी ती कधी नसतेच.

संसाराचं वजन किती, हा पुढचा मुद्दा. नवे टायर घेण्याआधी मी सगळं सामान भरून, पाण्याची टाकी काठोकाठ भरून सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी, मग मागची. पुढे १,५६० किलो, मागे १,७८०. गाडीच्या पाटीवर मागच्या ॲक्सलची मर्यादा १,८५०. म्हणजे सत्तर किलोंचा श्वास उरला होता. बायकोने दगडी खलबत्त्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि खलबत्ता त्या दिवसापासून घरी राहतो. दोन कुकर मात्र अजून गाडीत आहेत. तो वाद मी हरलो.

टायरच्या दुकानात आधी एक निराळाच प्रसंग. पहिल्या दुकानातल्या पोराने पुढचे दोन टायर पाहून सांगितलं, हे अजून वीस हजार मैल जातील, मागचेच बदला. नक्षीकडे पाहून मीही तेच म्हणालो असतो. दोन्ही टायर तेव्हा जवळपास नऊ वर्षांचे होते. दहा वर्षं ही कंपन्या सांगतात ती शेवटची हद्द. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, असंही तेच सांगतात. कॅम्परवाले बहुतेक जण सहा-सातला बदलून मोकळे होतात. मी चारही बदलायचं ठरवलं आणि दुकानही बदललं.

माप २१५/७० आर १५. त्यापुढे सी असेल तर तो मालवाहू व्हॅनचा टायर, सीपी असेल तर खास कॅम्परचा. दोन्हींवर १०९ हा भाराचा आकडा होता, म्हणजे एका टायरवर १,०३० किलो. सीपी थोडा महाग, पण सतत भरलेल्या आणि महिनोन्महिने उभ्या गाडीसाठी त्याची बांधणी दणकट, आणि तो जास्त हवा घेतो. मी सीपी घेतले. पुढची हवा काट्यावरच्या वजनाप्रमाणे, मागे मात्र ८० पीएसआय, असं कंपनीने ईमेलला उत्तर दिलं. आणि इथे एक गोष्ट माझी मीच विचारली म्हणून झाली: साधा रबरी व्हॉल्व्ह सुमारे ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० भरायचे तर धातूचे व्हॉल्व्ह लागतात. दुकानदाराने "हो, बरोबर" म्हणून आतून काढून आणले. विचारलं नसतं तर रबरीच बसले असते, आणि ते मला कधी कळलं असतं देव जाणे.

बसवण्याआधी चारही टायरांवरचे आकडे वाचले. तीन ३२२३, एक ०५२१. दुकानात अडीच वर्षं पडून राहिलेला. सभ्यपणे परत दिला. तो बदलून यायला दोन दिवस लागले. स्टेपनीलाही एक साधा सी प्रकारचा टायर घेतला, विंचची तार बदलली. एकूण ६४० पौंड. शिवाय जुने टायर विल्हेवाटीला नेण्याचे प्रत्येकी तीन पौंड.

ही शेवटची रक्कम मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगायला नको होती. त्यांनी आधी फोटोत जुने टायर पाहिले.

"नक्षी तर नव्यासारखी हाय की रे."

"अण्णा, बारा वर्षांचा होता."

"बारा वर्सं आन् एवढी नक्षी? पळवलीच न्हाई म्हणायची गाडी." मग जरा थांबून, "आन् टाकून द्यायला वर पैसं दिलंस?"

"पाच टायरांचे पंधरा पौंड."

त्यांनी रुपयांत हिशेब केला असावा, कारण फोन आईकडे दिला.

पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळून घेतले. हवा आता प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना बघतो. भांडी खडखडतात, बायकोने ताटांच्या मधे जुने टॉवेल घातलेत. ती मसाल्याच्या डब्यांवर कागदी चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहिते. परवा गोडा मसाला शोधताना मला त्याच कपाटाच्या दाराला आतून तिच्या अक्षरातली आणखी एक चिकटपट्टी दिसली: "टायर, ऑगस्ट २०२३. २०३० च्या आत."