तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरं सोपं जातं का?

"दुसरं ना? मग काय, पटकन मोकळी झाली असशील!" हे मला बाजारात भेटणारी प्रत्येक बाई सांगते. आणि ज्यांना आत्ता दुसऱ्यांदा दिवस गेलेत त्या जरा बाजूला घेऊन विचारतात, "खरं सांग, सोपं जातं का गं?" बारशाला आलेल्या दोघीतिघींनी विचारलं, लसीच्या रांगेत एकीने विचारलं. पोर रडत असताना रांगेत उभं राहून सांगण्यासारखं ते उत्तर नाही, म्हणून इथे लिहिते.

पटकन होतं, हे खरं आहे. सोपं जातं का, तर कुणाला ते आधी विचारा.

आधी पटकनचं सांगते, कारण त्यात घोळ होऊ शकतो. थोरलीच्या वेळी पहाटे कळा सुरू झाल्या आणि मोकळी झाले रात्री उशिरा. पहिलटकरणीला पिशवीचं तोंड उघडायलाच फार वेळ लागतो. दुसऱ्या वेळी ते भराभर उघडतं आणि शेवटी जोर लावायचा वेळही कमी लागतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आठव्या महिन्यातच बजावलं होतं, "कोरेगावात राहता ना? मग कळा वाढायची वाट बघत घरी बसू नका." एरवी कोरेगावहून साताऱ्याला यायला अर्धा तास पुरतो. पण माझे दिवस भरले जानेवारीत, ऐन उसाच्या हंगामात. माहुलीच्या पुलाच्या अलीकडे आमची गाडी एका जोडट्रॉलीच्या मागे अडकली. ट्रॅक्टरवाल्याने गाणी इतकी मोठ्याने लावलेली की हॉर्न त्याच्या कानावर पडेना. मी मागच्या सीटवर दाराच्या वरची कडी धरून कळ सोसतेय आणि डोळ्यांसमोर नुसते उसाचे शेंडे हलतायत. शेवटी हे गाडीतून उतरून पुढे धावले, त्याला हात जोडले, तेव्हा कुठे ट्रॅक्टर कडेला झाला. दवाखान्यात सिस्टरने तपासलं आणि आधी ह्यांच्याकडे बघितलं. "आठ सेंटीमीटर उघडलंय. आता आणताय होय?" बाळ तासाभरात बाहेर. मिनिटभर थांबून नाळ कापली, कोरडं पुसून तसंच उघडं माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून दुपटं टाकलं.

तेव्हा ज्यांचं घर दवाखान्यापासून लांब आहे त्यांनी बॅग, गाडी आणि थोरल्याला कोण बघणार, हे सगळं आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. बाळ झालं, वार पडली, मला वाटलं सुटले. तासाभराने बाळाला अंगावर घेतलं, तिने दोन घोट ओढले असतील नसतील, आणि ओटीपोटात अशी कळ आली की मी सिस्टरला विचारलं, आत अजून एक आहे का? ती हसली. बाळ ओढायला लागलं की पिशवी आकसते, तेच त्या दुखण्याचं कारण. पहिल्या वेळी हे फारसं जाणवत नाही. एकदा ताणली गेलेली पिशवी मात्र सैल पडते, पुन्हा आवळते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त. पिशवी आकसते म्हणूनच रक्तस्राव आटोक्यात राहतो, हे सगळं कळतं, पण त्यामुळे दुखायचं थांबत नाही. दोन-तीन दिवसांत ओसरतं. तोवर लघवी तुंबवू नका आणि दुखण्याची गोळी मागून घ्या. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या असतात. सोसत पडायचं काही बक्षीस नाही.

आणि आता घरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपल्याकडची रीत. पहिल्या वेळी फलटणला मी दीड महिना पलंगावरून पाय खाली टेकवला नव्हता. डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, आईने डिंकाच्या आणि हळिवाच्या लाडवांचे डबे लावून ठेवले. दुसऱ्या वेळी वाडी नाही की काही नाही. "तुला काय सांगायचं, तुला सगळं माहितीय" एवढंच. नवव्या महिन्यात मी स्वतःच गॅससमोर स्टूल घेऊन बसले आणि डिंक तळला. थोडा थोडा टाकायचा, लाहीसारखा पूर्ण फुलला की मगच काढायचा, नाहीतर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. पोट कट्ट्याला टेकतंय, आत बाळ लाथा मारतंय, आणि मी माझ्याच बाळंतपणाचे लाडू वळतेय. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वाईट नाहीत. खारीक त्यांनीच कुटून दिली. पण दुसरं सोपं असतं यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे, आणि असा विश्वास ठेवणाऱ्याचं काम खरंच सोपं होतं.

अनुभवाचा फायदा झाला तो बाळाच्या बाबतीत. जन्मताना ती २ किलो ८०० ग्रॅम होती, तिसऱ्या दिवशी २ किलो ६००. जाऊबाईंचा चेहरा पडला. मला ठाऊक होतं की पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्के वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. तिच्या लंगोटावर गुलाबी डाग दिसला तेव्हाही घर हादरलं. आईच्या अंगातल्या संप्रेरकांमुळे मुलींना पहिल्या आठवड्यात असा थेंबभर डाग पडू शकतो, थोरलीलाही पडला होता. दुसऱ्या रात्री बाळ सतत छातीशी. लगेच सुरू झालं, "दूध पुरत नाही, मधाचं बोट चाटव." पहिल्या वेळी माझ्यात बोलायची हिंमत नव्हती. या वेळी सरळ सांगितलं, आत्या, वर्षाच्या आत मध नाही. मधातून होणारी विषबाधा तान्ह्याला झेपत नाही. चीक चमचाभरच येतो, पण त्याचं पोटही तेवढंच असतं. सारखं ओढल्यानेच दूध उतरतं. आणि उतरलं, थोरलीच्या वेळेपेक्षा लवकर.

काविळीच्या बाबतीत मात्र अनुभवावर विसंबू नका. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, संध्याकाळी पोट पिवळं. सगळे म्हणाले, कोवळ्या उन्हात धर. थोरलीलाही कावीळ झाली होती हे मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण पहिल्या मुलाला झाली असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते. रक्त तपासलं आणि तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, दर दोन तासांनी बाहेर काढून पाजायचं. त्या उजेडात कातडीतलं पिवळं द्रव्य असं बदलतं की ते शी-शूवाटे निघून जातं. खिडकीतलं ऊन हे काम भरवशाने करत नाही, वर जानेवारीच्या सकाळी बाळ गारठतं ते वेगळंच. पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांत दिसला, पायांपर्यंत उतरला किंवा बाळ पेंगुळलं, प्यायला उठेना, तर उन्हाचा विषयच काढू नका, थेट दवाखाना गाठा.

थोरलीचं काय, हेही सगळ्या विचारतात. तिला बाळाचा राग नव्हता, माझा होता. घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आजीच्या पदराला धरून लांबून बघायची. हा गुंता सोडवला न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी. बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना ही दारात उभी दिसली. मावशींनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "तुझं अंग दुखत नाही व्हय?" आणि बाळाचं आटोपल्यावर हिला पाटावर बसवून ओंजळभर तेल डोक्यावर थापलं, पाठ रगडली, कढत पाण्याचे तांबे ओतले. रोज. मावशींनी त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. शेगडीच्या शेकालाही ही पुढे. शेक मलाही आवडतो, ओव्या-शेपाचा धूर मात्र मी खोलीत येऊ दिला नाही. तान्ह्याच्या छातीला धूर कशाला?

हो, दुसरीही मुलगीच. पेढे वाटले, कंदीच वाटले, तरी चारजणी "असू दे" म्हणून गेल्याच. याच जिल्ह्यात नको असलेल्या मुलींची नावं नकुशा ठेवायचे. २०११ साली अडीचशेहून जास्त मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली, त्याला काही फार वर्षं झाली नाहीत. आता अंगणवाडीताई स्वतः घरी येऊन अर्ज भरून गेल्या. मातृवंदना योजनेत अटींत बसलात तर पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. जाऊबाईंना दुसरा मुलगा झाला तेव्हा टाके सुकायच्या आत घरात चर्चा होती, "ऑपरेशन कधी करतेस?" मला अजून एकानेही विचारलेलं नाही. उलट "घाई करू नकोस" म्हणतात. का, ते मी सांगायला नको.

आमचं दोघांचं ठरलंय. ऑपरेशन होणार, आणि ते ह्यांचं. पुरुषांचं ते अर्ध्या तासात उरकतं, त्याच दिवशी घरी, फक्त तीन महिन्यांनी तपासणी करून खात्री होईपर्यंत सांभाळायचं. उसाचा हंगाम संपला की ह्यांना वेळ आहे. आत्यांना अजून सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यांत कुणी कोरेगावचं असेल तर कृपया तोंड बंद ठेवा.